अभ्यास चाललाय, हेडफोन काढू नका!

कानांवर हेडफोन, मांडीवर लॅपटॉप, स्क्रीनवर रंगीबेरंगी पट्ट्या. आणि सोळा वर्षांचं पोरगं म्हणतंय, ‘अभ्यास करतोय!’ आपल्याकडे आईने लॅपटॉपच मिटला असता. इंग्लंडमध्ये मात्र ते खरं बोलत असू शकतं. तिकडच्या सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयात, बहुतेक मुलं तीनच विषय घेतात आणि त्यातला एक चक्क म्युझिक टेक्नॉलॉजी असू शकतो. ए लेव्हलला हा विषय पिअर्सन एडेक्सेल हे एकच बोर्ड घेतं.

बटणं दाबा, मार्क घ्या, असं वाटत असेल तर जरा थांबा. बोर्ड दहा गाण्यांची यादी देतं. त्यातलं एक निवडायचं, वाजवणारे जमवायचे आणि नव्याने रेकॉर्ड करायचं. याला २० टक्के. मार्क वाजवण्याला नाहीत, रेकॉर्डिंगला! स्नेअर ड्रमचंच घ्या. एक माइक वर, एक खाली. दोन्ही ट्रॅक एकत्र लावले की आवाज भरदार व्हायच्या ऐवजी पोकळच होतो. का? काठी पडली की वरचा पडदा वरच्या माइकपासून लांब जातो आणि खालचा पडदा खालच्या माइककडे येतो. दोन लहरी एकमेकींच्या उलट. एका ट्रॅकची पोलॅरिटी फिरवली की काम फत्ते. बटण एकच, पण ते कुठलं हे फिजिक्स सांगतं.

आणखी २० टक्के स्वतःच्या रचनेला. त्यात सिंथेसिस आणि सॅम्पलिंग हवंच. उरलेले ६० टक्के दोन परीक्षांचे. एक दीड तासाची, गाणी ऐकून उत्तरं लिहायची. दुसरी सव्वादोन तासांची: दिलेले ट्रॅक दुरुस्त करा, मिक्स करा, वर लेखीही लिहा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल घेतले तर २२,०५० हर्ट्झच्या वरचं का पकडता येत नाही, हेही समजलेलं हवं. गणित सुटलं म्हणून खूश झालेल्यांनी नोंद घ्यावी!

नोटेशन न वाचता लॅपटॉपवर वाढलेल्या पोरांसाठी हे दार मोलाचं आहे. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये साउंड शिकायला आधी ग्रॅज्युएट व्हावं लागतं. पण तीनातला एक विषय पणाला लागतो, हे विसरू नका. ए लेव्हल म्युझिक हा वेगळा विषय आहे आणि संगीताच्या काही डिग्र्यांना तोच लागतो. सरे युनिव्हर्सिटीच्या, १९७० पासून चालणाऱ्या टोनमायस्टर कोर्सचं स्वप्न असेल तर मॅथ्स-फिजिक्सकडे पाठ फिरवू नका. आधी युनिव्हर्सिटीची अट वाचा, मग विषय ठरवा.

लंडनच्या मावशीकडे भाचा असा हट्ट धरून बसला असेल, तर कॉलेज बघायला जाताना दोनच प्रश्न विचारायला सांगा. ड्रम किट रेकॉर्ड करता येईल अशी खोली आहे का? आणि आठवड्याला ती मुलांच्या वाट्याला किती तास येते?