सामाईक फोल्डर, पण जागा कोणाची?

मंगळवेढ्याचा ज्वारी व्यापारी हिशेबपट्ट्यांचे फोटो सोलापूरच्या अडत्याबरोबर सामाईक फोल्डरमध्ये ठेवतो. जागा कोणाची भरते? गूगल ड्राइव्हवर ज्याने फाइल चढवली, त्याच्याच मोफत १५ जीबीतून ती वजा होते. नुसते पाहणाऱ्याचे काही जात नाही. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्याचा हिशेब निराळा. एकाच पेवाचे पूर्ण भाडे चौघांकडून घ्यावे, तसा तो फोल्डर प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण धरला जातो, आणि जागा अवघी २ जीबी! ती भरली म्हणून फाइल पुसू नये, सर्वांचीच जाते. फोल्डर दुसऱ्याचा असेल तर आपण त्यातून बाहेर पडावे. गूगलच्या १५ जीबीत जीमेलही मोडते, हे व्यापारी बंधूंनी ध्यानात ठेवावे. जागा संपली की ईमेल येणेच बंद होते.