पालकांस शाळेचा हिशेब केव्हां मिळणार ?

नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोचे क्रेट उतरवून शेतकरी आपला माल आडत्याच्या हवालीं करितो, तेव्हां सौदा झाल्यावर त्याच्या हातीं पट्टी पडते. किती माल आला, काय भाव मिळाला, हमाली व तोलाई किती कापली, हें सर्व त्या कागदाच्या कपट्यावर लिहिलेलें असतें. शेतकऱ्यास अक्षर येत नसलें तरी तो ती पट्टी शेजाऱ्याकडून वाचवून घेतो, आणि आकडा मनाजोगा नसेल तर तेथल्या तेथें खुलासा मागतो. पट्टी न देणाऱ्या आडत्याच्या दारीं दुसऱ्या दिवशीं कोणी माल घेऊन उभा राहणार नाहीं. हाच शेतकरी आपलें सहा वर्षांचें मूल जून महिन्यांत शाळेच्या हवालीं करितो. आणि त्या मुलानें काय मिळविलें हें त्यास पुढें महिनोन्महिने कोणी सांगत नाहीं, व तोही विचारीत नाहीं. क्रेटांचा हिशेब मागणारा मनुष्य पोटच्या मुलाचा हिशेब कां मागत नाहीं, आणि तो त्यास कसा मिळावा, याचा विचार जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील आमच्या वाचकांपुढें आज ठेवावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. शिक्षण फुकट आहे व तें सक्तीचें आहे, एवढें आतां बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु त्याच कायद्याचें २४ वें कलम फारसें कोणी वाचीत नाहीं. त्यांत शिक्षकाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. वेळेवर शाळेंत येणें, ठरल्या मुदतींत अभ्यासक्रम पुरा करणें, प्रत्येक मुलाची ग्रहणशक्ति पाहून मागें पडलेल्यास जादा शिकविणें, हीं तर आहेतच. पण त्यांच्याच पंक्तीस आणखी एक कर्तव्य बसविलेलें आहे. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता व त्यानें केलेली प्रगति यांची माहिती शिक्षकानें त्यांस द्यावयाची आहे. इच्छा झाल्यास द्यावी अशी सवलत या कलमांत नाहीं. अर्थात् जें आज पालकांस कृपा म्हणून मिळतें किंवा मिळतच नाहीं, तें त्यांचें कायद्यानें येणें आहे. येणें वसूल करणें म्हणजे कोणाशीं भांडणें नव्हे, हें व्यापारी मंडळींस आम्हीं सांगावयास नको.

‘नियमित’ म्हणजे किती दिवसांनीं, हें कायद्यानें सांगितलेलें नाहीं. अशा ठिकाणीं शब्दाचा अर्थ कायद्याच्या हेतूवरून करावयाचा असतो. हेतु हा कीं, मूल मागें पडत असेल तर वेळींच कळावें. आतां प्राथमिक शाळेंतील शिक्षण हें जिन्याच्या पायऱ्यांसारखें आहे. ज्या आठवड्यांत हातच्याची वजाबाकी शिकविली, त्या आठवड्यांत मूल तापानें घरीं पडलें असेल, तर पुढच्या महिन्यांतील भागाकार त्याच्या डोक्यावरून जाणार. जोडाक्षरें कच्चीं राहिलीं तर पुढचा प्रत्येक धडा त्यास भिंतीसारखा वाटणार. एका आठवड्याची उणीव पुढच्या आठवड्यांत भरून निघते; सहा महिन्यांची उणीव भरून काढण्यास दुसरे सहा महिने कोठून आणावयाचे ? म्हणून प्राथमिक वर्गापुरता ‘नियमित’ या शब्दाचा अर्थ ‘आठवड्यास एकदां’ असाच केला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आज काय चालतें ? वर्षाचीं दोन सत्रें असतात, आणि प्रत्येक सत्राच्या शेवटीं प्रगतिपुस्तक घरीं येतें. त्यावर विषयांपुढें ‘ब-२’ किंवा ‘क-१’ अशा श्रेण्या असतात. ज्या आईनें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं तिला ‘ब-२’ वरून काय समजावें ? आपली मुलगी पाटी वाचूं शकते कीं नाहीं, बाजारांत शंभराची नोट मोडून उरलेले पैसे मोजून आणूं शकते कीं नाहीं, हें त्या अक्षरांत कोठें आहे ? आई अंगठा उठविते, पुस्तक परत जातें, आणि पालकांस कळविल्याची नोंद कागदावर होते. कळविलें खरें, कळलें मात्र नाहीं.

हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाहीं. मूल कायद्यानें नापास करतां येत नव्हतें तोंवर ही अंधारकोठडी कशीतरी खपून जात होती. २०१९ सालच्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेऊन नापास मुलास त्याच वर्गांत ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली, आणि महाराष्ट्रानें २०२३ सालीं ती वाट धरली. निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधि मुलास मिळते हें खरें. परंतु पांच वर्षें साचलेलें दोन महिन्यांत निघणार कसें ? पांच वर्षें ज्या बापास कोणी कांहीं सांगितलें नाहीं, त्यास एके दिवशीं मूल नापास झाल्याचें सांगावयाचें, हा न्याय कोणत्या न्यायालयांतला ? ज्यास नोटीस पोंचली नाहीं त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा करूं नये, हें तत्त्व दिवाणी दाव्यांत आपण पाळतों. मुलाच्या आयुष्याच्या दाव्यांत तें पाळूं नये काय?

भीति काल्पनिक नाहीं. ग्रामीण भागांत घरोघर जाऊन मुलांकडून वाचवून घेणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें, देशांतील सरकारी शाळांच्या तिसरींत शिकणाऱ्या शंभर मुलांपैकीं सुमारें २३ मुलांसच दुसरीचा मजकूर वाचतां आला. म्हणजे चारांतील तीन मुलें एक इयत्ता मागें राहून पुढें सरकत आहेत. त्यांच्यांतील कितींच्या आईबापांस हें शाळेकडून वेळींच कळलें असेल, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

आमच्या दोन तालुक्यांत या दुखण्यास आणखी एक पदर आहे. पूर्वेकडे कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या पाण्यावर बागाईत पिकतें; मंचर, नारायणगांव, ओतूर येथें पेढ्या व बाजार आहेत. पश्चिमेस भीमाशंकर व नाणेघाटाकडील डोंगरांत महादेव कोळी व इतर आदिवासी बंधूंच्या वाड्या आहेत; भाताचें एक पीक व हिरड्याचे चार पैसे यांवर वर्ष निघत नाहीं, म्हणून तेथील कुटुंबें कांद्याची लागण, खुरपणी, टोमॅटोची तार-काठी या कामांसाठीं पूर्वेकडे उतरतात. मूल कधीं आजीपाशीं राहतें, कधीं आईबापांबरोबर बांधावर येतें, कधीं आश्रमशाळेंत ठेविलेलें असतें. आश्रमशाळेंतील मुलाची व आईची भेट बहुधा सुटीसच व्हावयाची. या माणसांस सभेची चिठ्ठी कोण पोंचविणार ? आणि चिठ्ठी पोंचली तरी दिवसाची मजुरी बुडवून सभेस कोण येणार ? सभेस पालक आले नाहींत म्हणून त्यांस आस्था नाहीं असा निकाल जे देतात, त्यांनीं आधीं त्या सभेची वेळ तपासावी.

आडाणी पालकांस शिक्षणाचें काय कळतें, हा आक्षेप नवा नाहीं. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन करितांना जोतीराव फुले यांनीं निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. १६ मार्च १९११ रोजीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मध्यवर्ती कायदे कौन्सिलांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. तें १९ मार्च १९१२ रोजीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. पुढें मुंबई इलाख्यांत १९१८, १९२३ व १९४७ सालीं कायदे झाले; आणि शिक्षण हा मुलाचा मूलभूत हक्क म्हणून राज्यघटनेंत येण्यास २००२ साल उजाडावें लागलें. एवढ्या प्रदीर्घ झगड्यानें मूल शाळेच्या उंबऱ्यापर्यंत आणलें. उंबऱ्याच्या आंत काय चाललें आहे तें घरास कळविणें, हा त्याच झगड्याचा उरलेला भाग आहे. ज्या आईस वाचतां येत नाहीं तिला ऐकतां येतें. मूल धडा सरळ वाचतें कीं अडखळतें, हें ऐकून ओळखण्यास पदवी लागत नाहीं. पायलीनें धान्य मोजणारी बाई मुलाची बेरीज तपासूं शकते. फक्त या आठवड्यांत बेरीज शिकविली, एवढें तिला कोणी सांगितलें पाहिजे.

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या बाजूनें येतो, व तो आम्ही हलका मानीत नाहीं. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस कायद्यानें दोन शिक्षक. डोंगरांतील वाडीवर हे दोघे चार-पांच इयत्ता सांभाळतात, शिवाय माहितीचे तक्ते भरतात. जनगणना, आपत्ति-निवारण व निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक काम शिक्षकांस देऊं नये असें २७ वें कलम सांगतें. तें किती पाळलें जातें हें शिक्षकांसच विचारावें. यास्तव आठवड्याच्या हिशेबासाठीं नवी वही घालावी अशी सूचना आम्ही मुळींच करीत नाहीं. वरिष्ठांकडे जाणारा एखादा तक्ता कमी करा व तो वेळ घराकडे जाणाऱ्या निरोपास द्या, एवढेंच आमचें मागणें आहे.

तो निरोप कसा असावा ? तीन वाक्यांचा असावा. या आठवड्यांत काय शिकविलें. तुमच्या मुलास त्यांतलें काय येतें व काय अजून येत नाहीं. आणि घरीं त्यास काय विचारावें. शनिवारीं सकाळची शाळा सुटतांना पहिलें वाक्य दाराजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावें. दुसरें व तिसरें, जो न्यावयास येईल त्यास मुलासमक्ष तोंडीं सांगावें. जो येऊं शकत नाहीं त्यास मोबाईलवर बोलून पाठवावें, म्हणजे वाचतां न येणाऱ्यासही ऐकतां येईल. जेथें डोंगरामुळें मोबाईल चालत नाहीं, तेथें आठवड्याच्या बाजारास जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडण्याची आपली जुनी रीत आहेच. आश्रमशाळेंत आठवड्यास एक वेळ नेमून अधीक्षकांच्या फोनवरून मुलानें स्वतः आईस चार ओळी वाचून दाखवाव्या. यासारखा हिशेब दुसरा कोणता ?

एक पथ्य मात्र अवश्य पाळावें. मूल मागें आहे असें नुसतें सांगितलें तर कांहीं घरांत त्याचा परिणाम छडी हाच होतो. म्हणून उणीव सांगतांना उपायही सांगावा : रोज रात्रीं जेवणाआधीं दहा ओळी वाचून घ्या, पैसे मोजावयास द्या. तक्रार घरीं गेली तर मूल शाळेस भिईल. काम घरीं गेलें तर आई शाळेची सोबतीण होईल.

हें अशक्य आहे असें कोणी म्हणूं नये. २०२२ सालीं राज्यांतील शाळांत ‘पहिले पाऊल’ हा शाळापूर्व तयारीचा उपक्रम झाला, तेव्हां पहिलींत येणाऱ्या मुलांच्या मातांचे गट वस्तीवस्तीवर बांधण्यांत आले, व घरांतील साध्या वस्तूंनीं मुलांकडून काय करून घ्यावें याच्या सूचना त्यांस आठवड्याच्या आठवड्यास देण्यांत आल्या. जें शाळेच्या दाराबाहेर चालूं शकलें, तें दाराच्या आंत पहिली ते पांचवीपर्यंत कां चालूं नये ?

शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक व एकंदरींत निम्म्या स्त्रिया असाव्या, असा कायदा आहे. या समित्यांनीं पुढच्या सभेंत इमारतीच्या रंगाचा विषय क्षणभर बाजूस ठेवून, शनिवारच्या निरोपाचा ठराव करावा. पैशाची तरतूद त्यास लागत नाहीं. खडूचा तुकडा पुरतो. मंचर-नारायणगांवच्या ज्या वाचकांचीं मुलें खाजगी इंग्रजी शाळांत जातात, त्यांनींही दप्तरांतील इंग्रजी दैनंदिनी आपण स्वतः वाचतों, कीं नुसती सही करितों, हें मनाशीं विचारावें. आणि ती मराठींत असावी अशी मागणी निःसंकोच करावी.

शेवटीं आमच्या बागाईतदार व व्यापारी वाचकांस एक विनंति. तुमच्या शेतावर व वखारींत राबणाऱ्या माणसांचीं मुलेंही या शाळांत आहेत. पालकसभेच्या दिवशीं त्यांस दोन तासांची रजा द्या, आणि त्या दोन तासांची मजुरी कापूं नका. वर्षाकांठीं हा खर्च फार थोडा येईल. पण ज्या माणसाच्या मालाची पट्टी तुम्ही चोख देतां किंवा चोख घेतां, त्याच्या मुलाचा हिशेबही त्यास चोख मिळावा म्हणून आपण कांहीं सोसलें, एवढें समाधान तुमच्या पदरीं पडेल. आणि त्या मुलाची पांचवी इयत्ता त्यास अपमानाची न होतां अभिमानाची होईल.