हँडलवरची थैली घेताना

सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. सायकल किती रुपयांनी उतरली, याचा हिशेब दिवाळीच्या खरेदीत घरोघरी झाला. वाचलेल्या पैशांत काय घ्यावं, याबद्दल माझं मत ठाम आहे: हँडलवर नीट बसणारी एक थैली. गिअर, झगमगते दिवे, बाटलीचा स्टँड हे सगळं नंतर.

हे हिवरखेडसारख्या गावासाठी जास्त खरं आहे. तेल्हारा तालुक्यातलं हिवरखेड म्हणतोय, मोर्शीकडचं नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात सायकल हौसेसाठी कमी आणि कामासाठी जास्त चालते. कोणी वावरात डबा नेतो, कोणी शाळेला जातं, कोणी थंडीच्या दिवसांत पहाटे वारी हनुमानाकडे, वान धरणाच्या बाजूला निघतं. आणि जवळपास प्रत्येकाच्या हँडलला एक पिशवी लोंबत असते. ही लोंबती पिशवीच खरा धोका आहे. खड्ड्यात चाक गेलं की ती आत झुलते, तिचा बंद किंवा कोपरा आऱ्यांत अडकतो, पुढचं चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. मागच्या चाकात काही अडकलं तर सायकल निदान फरफटत थांबते. पुढच्या चाकात सावरायला वेळच मिळत नाही.

म्हणून थैली निवडताना पहिला प्रश्न किती लिटरची, हा नसावा. वजन कुठे बसतं, हा असावा. बाजारात नेमकं उलटं चालतं. पाकिटावर लिटर मोठ्या अक्षरांत आणि वजनाची मर्यादा कोपऱ्यात बारीक.

या विषयात ज्या माणसाचं लिखाण मी आवर्जून वाचतो, तो म्हणजे अमेरिकेतल्या सिॲटलचे यान हाइना, ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकाचे संपादक. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही 1891मध्ये सुरू झालेली, सुमारे 1200 किलोमीटरची आणि आज हौशी सायकलस्वारांना कमाल 90 तासांत पुरी करावी लागणारी मोहीम. तिथले जुने फ्रेंच सायकलस्वार सगळं सामान पुढच्या थैलीत ठेवत आणि तरी सायकल सरळ धावे. असं का, याचा हाइना यांनी पिच्छा पुरवला. चिमट्याच्या वरच्या नळीची तिरकी रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवा. ती टायर जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे पडते. या दोन बिंदूंमधलं अंतर नेहमीच्या सायकलींत 60 मिलिमीटरच्या आसपास असतं. पुढे ओझं वाहणाऱ्या फ्रेंच सायकलींत ते 30 ते 40 मिलिमीटरच ठेवत. अंतर जास्त आणि वर हँडलवर वजन, असं झालं की हळू चालवताना चाक आपोआप एका बाजूला कलतं आणि हात सतत त्याला ओढत राहतो. हाइना स्वतः रने हर्स या नावाने सुटे भाग विकतात, तेव्हा त्यांच्या उत्साहातून थोडं वजा करावं. पण हे म्हणणं पटायला पुस्तक लागत नाही. हँडलला दोन किलोची पिशवी बांधून गर्दीतून पायचालीच्या वेगाने सायकल काढून बघा.

आपल्याला सायकलची घडण बदलता येत नाही. जुन्या काळ्या सायकलचा चिमटा तर चांगलाच तिरका असतो, आणि तिच्या ब्रेकच्या सळ्या हँडलखालूनच जातात. तिथे बांधलेली थैली ब्रेक दाबून ठेवते किंवा दाबूच देत नाही. अशा सायकलला हँडलवरची थैली नकोच, मागचं कॅरिअर उत्तम. पोरांच्या शॉकरवाल्या सायकलींची गोष्ट वेगळी. उभी असताना थैली आणि टायर यांत चार बोटं जागा दिसते, पण खड्ड्यात शॉकर दबला की थैली टायरला घासते. लेडीज सायकलच्या पुढच्या बास्केटला मात्र मी मनापासून मानतो. तिच्या दोन सळ्या खाली चाकाच्या ॲक्सलपर्यंत जातात, म्हणजे बराचसा भार हँडलवर न येता थेट चाकावर उतरतो. महागड्या थैल्यांच्या कंपन्या पुढचा छोटा रॅक लावून जे साधतात, ते बास्केट कधीपासून करत आली आहे.

कापडाचा प्रश्न वऱ्हाडात तरी कापसाशिवाय सुटू नये. इंग्लंडमध्ये लँकशरच्या नेल्सन गावात विल्फ कॅरॅडाइस यांनी 1932मध्ये सायकलच्या थैल्यांचा कारखाना काढला, आणि त्या थैल्या जाड सुती कॅनव्हासच्या असतात. सूत भिजलं की फुगतं, विणीतली भोकं बुजतात आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो. वर मेण चोळलेलं असेल तर आणखी बरं. याच लँकशरच्या गिरण्या 1861 ते 65च्या अमेरिकन यादवीत कापसाला महाग झाल्या, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. 1870मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठीच. ज्या मुलखाने जगाला कापूस दिला, त्या मुलखात सायकलला लावायची सुती थैली दुकानात मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ती शिवून मात्र घेता येते. ट्रॅक्टरचे हूड आणि मोटरसायकलची सीट कव्हरं शिवणारे कारागीर तालुक्याच्या गावी असतातच, आणि त्यांच्या मशीनखाली जाड कॅनव्हास सहज जातो. कापड दुहेरी घ्या. तळाला आणि मागच्या बाजूला प्लॅस्टिकचा कडक पत्रा शिवून घ्या, नाहीतर थैली पोटात ढासळते. हँडलला दोन पट्टे, आणि तिसरा पट्टा हँडलखालच्या उभ्या नळीला. हा तिसरा पट्टा विसरला की झोके सुरू. झाकणाची पकड आपल्या बाजूला ठेवा, म्हणजे ते पलीकडे उघडेल. रुंदी दोन ब्रेकच्या तारांच्या मध्ये मावेल एवढीच. तारा मुडपल्या की ब्रेक जड होतो. थैलीमुळे पुढचा दिवा झाकला जात असेल, तर दिवा चिमट्यावर उतरवा.

झाकणावर मोबाइलसाठी पारदर्शक खिसा असलेल्या थैल्या दुकानात फार दिसतात. अकोल्याच्या उन्हाळ्यात त्या खिशात मोबाइल तापून बंद पडतो. तो आत ठेवणंच बरं. ज्यांना अकोल्याहून रेल्वेने अकोटला उतरून पुढे यायचं असेल, त्यांनी एका हाताने निघणारी थैली घ्यावी. ही ब्रॉडगेज गाडी नोव्हेंबर 2022मध्ये सुरू झाली. अकोटच्या पुढे हिवरखेडचा जुना मीटरगेज मार्ग बंद आहे, म्हणून उरलेलं अंतर रस्त्यानेच.

थैलीत ठेवायचं ते चालवताना लागणारं: पाकीट, पंक्चरचं सामान, रुमाल, दोन केळी. सगळं मिळून दोन किलोच्या वर नको. शाळेचं दप्तर, खताची चुंगडी, किराणा हे मागे कॅरिअरवर, दोरीने आवळून.

विकत घेणार असाल तर दुकानातच दोन किलो तुरीची डाळ आत ठेवून थैली सायकलवर चढवायला सांगा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, ब्रेक दाबा, पुढचा शॉकर जोर लावून खाली दाबा. कुठेही घासलं किंवा अडलं, तर कितीही स्वस्त असली तरी ती थैली घेऊ नका.