एका डोळ्यावर खेळलेला विली ओरी

18 जानेवारी 1958. मॉन्ट्रियलच्या बर्फावर बॉस्टन ब्रुइन्सचा विली ओरी उतरला आणि एनएचएल या आइस हॉकी लीगला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मिळाला.

त्याचा उजवा डोळा जवळजवळ निकामी होता! ज्युनियर हॉकीत पक, म्हणजे खेळाची चकती, लागून त्याची दृष्टी गेली, पण त्याने ते लपवलं. खेळायचा डाव्या बगलेवर, म्हणजे मधून येणारा पास दिसायला मान पार वळवावी लागे. पुढे लॉस एंजेलिस ब्लेड्सने त्याला उजव्या बगलेवर आणलं आणि 1964-65 मध्ये वेस्टर्न हॉकी लीगचे सर्वाधिक गोल त्याचेच होते: 38.

एनएचएलमध्ये सामने जेमतेम 45, गोल 4. त्याला या आकड्यांवर मोजणं अन्यायाचंच! 2018 मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमने त्याला मान दिला. 2022 मध्ये ब्रुइन्सने त्याची 22 क्रमांकाची जर्सी निवृत्त केली.