सव्वा इंचाचा शिपाई

वार्षिकासाठी लेख द्या, विषय आपल्या माहितीतला असावा, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मला प्रश्न पडला. प्रवासवर्णन लिहावे तर प्रवास घडलेला नाही. ग्रंथपरीक्षण लिहावे तर माझ्याहून व्यासंगी मैत्रिणी वर्गात आहेत. मग मनात आले, की गेले वर्षभर रविवारी आपण ज्या विचित्र उद्योगात पडलो आहोत, त्याची माहिती आपल्या कॉलेजात बहुधा कोणालाच नसेल. तो उद्योग म्हणजे खेळातल्या प्लास्टिकच्या शिपायांचे हातपाय कापणे, लांबीने त्यांना नवे अवयव बसवणे आणि पुन्हा रंगवणे. हसू नका. या उद्योगात माझ्या हातून एक मोठी चूकही घडली आहे. ती ओघात येईलच.

माझे बाबा नळकाम करतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एका सोसायटीत गळका नळ दुरुस्त करताना, "आमची पोरगी मराठी घेऊन बी.ए. करते," असे बाबा अभिमानाने बोलून गेले. त्या घरच्या काकूंची धाकटी मुलगी इंग्रजी शाळेत. मराठीचा पेपर म्हणजे तिच्यापुढे डोंगर. अशी मला रविवारची शिकवणी मिळाली. ज्या खोलीत शिकवणी चाले तिच्या दुसऱ्या कोपऱ्यात तिच्या मोठ्या भावाचे टेबल होते. ते इंजिनियर आहेत, मी त्यांना दादा म्हणते. टेबलावर शंभरेक शिपाई रांगेत उभे. पायापासून डोळ्यापर्यंत प्रत्येकाची उंची २८ मिलिमीटर, शिरस्त्राण धरून सव्वा इंच. तरी कमरेचा पट्टा, ढालीवरचे चिन्ह, गालावरचा व्रण, सारे स्पष्ट. एवढा मोठा माणूस खेळण्यांशी खेळतो याचे मला प्रथम नवल वाटले. पण ती पोरखेळाची खेळणी नव्हेत.

या खेळाचे मूळ प्रशियात आहे. राइसविट्झ नावाच्या तेथील लष्करी अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर ठोकळे सरकवून आणि फासे टाकून खेळावयाच्या युद्धाचे नियम प्रसिद्ध केले. हेतू अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा. घरात बसून खेळायचा करमणुकीचा प्रकार इंग्लंडात रुजला. विज्ञानकादंबऱ्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेले एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. त्यात शिशाचे शिपाई घेऊन जमिनीवर लढाई कशी करावी याचे नियम आहेत. दुसऱ्याच वर्षी युरोपात खरे महायुद्ध पेटले. त्या वेळचे शिपाई आतून पोकळ असत. ही ओतकामाची पद्धत विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ साली आणली होती. पुढे शिसे मुलांना अपायकारक म्हणून मागे पडले आणि प्लास्टिक पुढे आले. १९७५ साली लंडनमध्ये 'गेम्स वर्कशॉप' ही संस्था निघाली. तिने १९८३ साली 'वॉरहॅमर' आणि १९८७ साली 'वॉरहॅमर ४०,०००' हे खेळ काढले. तिचा कारभार आता नॉटिंगहॅम येथून चालतो. दादांचे शिपाई तिथलेच.

हे शिपाई रंगवलेले येत नाहीत, जोडलेलेही येत नाहीत. डबा उघडला की करड्या प्लास्टिकच्या चौकटी निघतात आणि त्यांना हात, पाय, डोकी, तलवारी लोंबत असतात, जणू चिंचेच्या डहाळीला चिंचा. त्या कापून, चिकटवून, रंगवून घेणे हा खेळाचाच अर्धा भाग आहे. काही जण तर तेवढेच करतात, लढाई करतच नाहीत.

मग त्यात बदल कशासाठी? कारण साच्यात आहे. पोलादी साच्याचे दोन भाग घट्ट मिटतात, आत वितळलेले प्लास्टिक दाबाने शिरते आणि साचा सरळ उघडतो. साचा फार खर्चिक असतो, म्हणून एकाच साच्यातून असंख्य नग काढावे लागतात. परिणामी नॉटिंगहॅमच्या माणसाचा सेनापती आणि आमच्या सोसायटीतल्या दादांचा सेनापती, दोघांचे नाक एकच आणि उगारलेला हातही एकच. आपला सरदार आपलाच असावा असे ज्याला वाटते तो चाकू आणि लांबी हातात घेतो. इंग्रजीत याला 'कन्व्हर्जन' म्हणतात. मी 'रूपांतर' म्हणते.

आता प्लास्टिकविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण माझी चूक तिथेच झाली. सगळे प्लास्टिक एक नव्हे. १९५९ साली इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने जे स्वस्त चिमुकले शिपाई काढले ते मऊ पॉलिथीनचे होते. पॉलिथीन मेणचट असते. त्याला गोंद धरत नाही आणि रंगाचे पोपडे निघतात. आजचे शिपाई पॉलिस्टायरिनचे, म्हणजे सीडीच्या जुन्या पारदर्शक डब्यांच्या जातीचे. त्यांचा खास गोंद खरे पाहता चिकटवतच नाही. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात, द्रव उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. बाबा पाण्याचा पीव्हीसी पाइप जोडतात तेव्हा हेच घडते. पॉलिस्टायरिनमध्ये हवेचे बुडबुडे फुगवले की त्याचाच थर्मोकोल होतो.

२०१८ साली बंदी येईपर्यंत आमच्या आळीतली गणपतीची मखरे थर्मोकोलची असत. थर्मोकोलवर चुकीचा गोंद पडला तर तो कसा खड्डा पाडीत आत जातो, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. तरीही पुढील प्रकार घडला.

माझी उत्सुकता पाहून दादांनी मला एक जुना सरदार दिला. कोणाकडून तरी घेतलेला, रंगाचे जाड थर बसलेला. "यावरचा रंग काढून आण, मग रंगवायला शिकवतो," म्हणाले. कशाने काढायचा हे मी विचारले नाही. विचारले तर आपले अज्ञान दिसेल असे वाटले. कॉलेजात पहिल्या वर्षी वर्गातही माझे असेच होत असे. घरी येऊन मी वाटीत नेलपॉलिश काढायचे द्रावण ओतले, सरदाराला त्यात बुडवले आणि पाणी भरायला गेले. त्या द्रावणात अॅसिटोन असते आणि अॅसिटोन पॉलिस्टायरिनला खाते. परत येऊन पाहते तो रंग निघाला होता खरा, पण त्याबरोबर नाक, डोळे, छाती, उजवा हात, सगळे उन्हातल्या गुळासारखे ओघळले होते. काडीने उचलायला गेले तर काडीच रुतली. तो सरदार नवा घ्यायचा तर बाबांची दोन दिवसांची मजुरी जाते, हे मला आधीच ठाऊक होते. शिकवणी जाईल ही धास्ती निराळीच. बाबांच्या शब्दावर ती मिळाली होती.

(योग्य उपाय असा: अॅक्रिलिक रंग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये शिपाई काही तास बुडवून ठेवावा आणि जुन्या दातघासणीने हलके घासावा. आधी चौकटीच्या टाकाऊ तुकड्यावर करून पाहावे, म्हणजे माझ्यासारखे होणार नाही.)

पुढच्या रविवारी मी तो गोळा कागदात गुंडाळून नेला आणि दादांसमोर ठेवला. ते काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी तो उलटापालटा केला. "पाय आणि पाठीमागची बाजू शाबूत आहे. सरदार गेला, पण दुसरा कोणीतरी होईल. करशील?" त्यांनी मला एक सुटे डोके दिले आणि हिरव्या लांबीचा बोटभर तुकडा दिला.

तिला 'ग्रीन स्टफ' म्हणतात. ती हिरवी नसते. निळी आणि पिवळी अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात, त्या मळल्या की हिरवा रंग येतो. मी ती घरी नेली. बाबांनी दिव्याखाली धरून पाहिली आणि म्हणाले, "अगं, हे तर आपलं एमसील!"

बाबांचे म्हणणे अगदी खरे होते. भिंतीला किंवा लाकडाला लावायची जुनी लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचे तेल. ट्यूबमधल्या साध्या लांबीतला द्रव उडून गेला की ती सुकते, आणि तो उडाल्यामुळे आक्रसते, तडकते. इपॉक्सीचे तसे नाही. तिचे दोन भाग असतात, राळ आणि कठीणकारक. राळेच्या रेणूंच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे त्रिकोणी कडे असते, ओढलेल्या धनुष्यासारखे ताणलेले. कठीणकारकाचा स्पर्श होताच ते उघडते आणि रेणू एकमेकांत गुंफून जाळे तयार होते. यात उडून जाणारे काही नाही, म्हणून आक्रसणेही फारसे नाही. एकदा जाळे झाले की पुन्हा मऊ होणे नाही. स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्टान हे १९३० नंतरच्या दशकात कृत्रिम दातांसाठी चांगला पदार्थ शोधत असताना हे साधले. दातापासून नळापर्यंत आणि नळापासून सरदारापर्यंत असा हा प्रवास आहे.

दादांची महाग लांबी मी पहिले तीन आठवडे उघडलीच नाही. बाबांच्या पिशवीतल्या एमसीलवर हात बसवला. शिकवले बाबांनी. दोन्ही भाग सारखे घ्यायचे, आणि रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळायचे. रेघ राहिली की त्या जागी ते कच्चे राहते. बोटाला पाणी लावायचे, नाहीतर ते जिथे लावायचे तिथून सुटून बोटालाच चिकटते. उन्हाळ्यात घाई करायची, थंडीत थांबायचे. आणि एका दमात सगळे करायला जायचे नाही. "आधी भोक बुजव, वाळू दे, मग गुळगुळीत कर," हे बाबांचे नळाविषयीचे वाक्य. दादांनी मूर्तीविषयी नेमके तेच सांगितले: आधी तारेचा सांगाडा, त्यावर ओबडधोबड मांस, ते कडक झाल्यावर वरचे बारीक काम. हे दोघे एकमेकांशी या विषयावर कधी बोललेले नाहीत.

एक गोष्ट मात्र बाबांना मान्य होत नाही. कच्ची इपॉक्सी अंगाला वारंवार लागली तर काहींच्या त्वचेला तिची कायमची अॅलर्जी जडते, आणि वाळलेली घासताना उडणारी पूड छातीला वाईट. म्हणून मी पातळ हातमोजे घालते आणि घासायचे तर पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासते. बाबांसाठीही मोज्यांचा डबा आणला. तो त्यांच्या पिशवीत तसाच आहे. "मोज्यात आटे कळत नाहीत," म्हणतात. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

असो. सरदाराकडे वळू. ओघळलेली छाती मी चाकूने तासून काढली. खांद्यात हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने भोक पाडले आणि त्यात जेमक्लिपची तार बसवली, तोच उजव्या हाताचा सांगाडा. छातीचे मोठे काम एमसीलने केले. पण ती नळासाठी घडवलेली वस्तू आहे, पोत भरड, नाकडोळ्यांसाठी नव्हे. तिथे हिरवी लांबी लागते. ती थोडी रबरासारखी लवचीक असते आणि सुईच्या टोकाची रेघही धरून ठेवते. पट्टीतला निळा-पिवळा जिथे एकमेकांना टेकतो, तिथे ती आधीच कडक झालेली असते, म्हणून मधली बारीक चीर कापून टाकावी लागते. हे न कळल्याने माझ्या पहिल्या गोळ्यात खडे आले.

मला सर्वांत आवडले ते अंगरख्याचे काम. लांबी मळायची, टाल्कम पावडर लावलेल्या प्लास्टिकच्या कागदावर पोळीसारखी पातळ लाटायची आणि थांबायचे. ती अर्धवट वाळली, म्हणजे वाकते पण चिकटत नाही, की पात्याने कापायची आणि खांद्यावरून सोडायची. घड्या आपोआप पडतात. त्या बोटांनी पाडायला गेले की खोट्या दिसतात. हे माझ्या ध्यानात यायला चार अंगरखे फुकट गेले.

ढाल उरली नव्हती. बाबांच्या पिशवीत पितळेचा एक झिजलेला वायसर सापडला. मधले भोक लांबीने बुजवून उंचवटा केला. उत्तम ढाल झाली.

रंगकामाचा क्रम घर रंगवणाऱ्यांसारखाच आहे. साबणाने धुवा, अस्तर मारा, मग पातळ रंगाचे दोन हात. जाड एक हात कधीच नाही, कारण त्यात सारे बारीक काम बुडते. यानंतरचे मात्र निराळे. एवढ्याशा वस्तूवर पडणारी सावली इतकी लहान असते, की हातभर अंतरावरून ती दिसतच नाही. म्हणून सावली रंगवावी लागते. गडद रंग पाण्यासारखा पातळ करून अंगभर सोडला की तो घड्यांत आणि खाचांत जाऊन बसतो. तो वाळल्यावर कुंचल्यावर फिकट रंग घ्यायचा, कुंचला कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलके फिरवायचा. जिथे ऊन पडले असते तेवढेच उजळते. डोळे शेवटी. गणपतीच्या मूर्तीलाही डोळ्यांची आखणी शेवटी आणि सर्वांत कसबी हाताने करतात. माझ्या शिपायाचा एक डोळा किंचित वर गेला आहे. तीनदा पुसला, चौथ्यांदा तसाच ठेवला.

हे सर्व व्हायला सात रविवार लागले. दादांनी तो भिंगाखाली धरला, ढालीवर नख वाजवले आणि विचारले, "ही कशाची?" मी सांगितले. त्यांनी तो त्या संध्याकाळीच मित्राबरोबरच्या डावात उतरवला. पुढच्या रविवारी मी पोहोचते तो माझी विद्यार्थिनी दारातच ओरडली, "ताई, तुझा माणूस पहिल्याच फाशाला मेला! एक पडला!" दादा ओशाळले. पण वायसर निघाला नव्हता, हातही निघाला नव्हता. दादांनी डब्यातून आणखी एक जुना, रंगाने माखलेला शिपाई काढून माझ्यापुढे ठेवला आणि शेजारी आयसोप्रोपिलची बाटलीही ठेवली.