सव्वीस इंचांची सहल

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका चहाच्या टपरीसमोर सकाळी सकाळी सहा-सात साइडव्हीलच्या स्कूटर ओळीने उभ्या होत्या. अशी एखादी गाडी आपल्या नेहमीच्या बघण्यातली असते. पूर्वी ती एसटीडी बूथच्या बाहेर असायची, आता झेरॉक्सच्या दुकानापाशी नाहीतर तहसील कचेरीच्या आवारात असते. गाडी दिसली की मालकाचं कामही आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो. दाखला काढायला आला असेल, नाहीतर संजय गांधी योजनेचे पैसे अडकले असतील. या गाड्यांच्या मागच्या सीटवर मात्र सॅका बांधलेल्या होत्या, कुबड्या आडव्या करून रबराने आवळलेल्या होत्या, आणि पुढे कोणी राहायचं यावरून दोघांची जोरात जुंपली होती. मंडळी यवतेश्वरचा घाट चढून कासला आणि पुढे बामणोलीला निघाली होती.

चौकशी केल्यावर कळलं, की ही सहल नव्हे, सहलीची पाहणी आहे. सहल दिवाळीनंतर. पंधरा-वीस गाड्या, एक टेम्पो, एक मुक्काम. हे सगळं ज्यांच्या डोक्यातून निघालंय त्या ताई पन्नाशी उलटलेल्या. डाव्या पायात कॅलिपर, काखेत एक कुबडी, आणि गळ्यातल्या पर्समध्ये सुताराकडे असते तसली पोलादी टेप. ती टेप पाहूनच मी म्हटलं, मी मागे बसून आलो तर चालेल का? त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वजन विचारलं.

सहलीचं नियोजन म्हटलं की आपण काय बघतो? रस्ता, जेवण, धबधबा, सूर्यास्त. ताईंच्या वहीत गावाच्या नावापुढे पहिला रकाना दाराचा आहे. संडासाच्या दाराचा. त्यांच्या गटात तिघे-चौघे व्हीलचेअरवाले आहेत. गाडीवरून उतरले की टेम्पोतली खुर्ची उघडायची, तीत बसायचं. ती खुर्ची एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सव्वीस इंच भरते. गावाकडच्या लॉजचं संडासाचं दार बहुतेक दोन फुटी, म्हणजे चोवीस. "रस्ता कसाही असूद्या हो, गाडी काढतो आम्ही," ताई म्हणाल्या. "पण सव्वीस इंच नसतील तर तिथं मुक्काम नाही." सार्वजनिक इमारतींसाठीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पस्तीस इंच सांगितली आहे. ताईंनी पस्तीसचा नाद कधीच सोडलाय. त्या सव्वीस मागतात.

पाहणीच्या आधी गाड्या एका गॅरेजात जाऊन आल्या होत्या. ते पाहायचं राहिलं म्हणून नंतर मी मुद्दाम तिथे गेलो. रस्त्यालगतचं पत्र्याचं शेड, आत वेल्डिंगचा निळा उजेड आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक कायनेटिक होंडा. १९८४ साली आलेली ही बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी स्कूटर म्हणजे या धंद्याची आजी. किक मारायची सक्ती गेली आणि पोलिओने पाय गेलेला माणूस आपल्या हाताने आपली गाडी सुरू करू लागला. गॅरेजचे मालक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, ती भंगारात घालत नाहीत.

गाडीला साइडव्हील बसवण्याचं काम ऐकायला सोपं आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना अँगलची चौकट, तिला दोन चाकं, चाकांना आपापले शॉकअप. लोक तीनचाकी म्हणतात, पण मोजली तर चाकं चार भरतात. उस्तादांच्या हिशोबाने या सगळ्याने गाडीचं वजन तीस-पस्तीस किलोने वाढतं. कायद्याच्या भाषेत हे 'अनुकूलित वाहन'. २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत मोटार वाहन कायद्यात त्याला इनव्हॅलिड कॅरेज म्हणत. आरटीओत पासिंग होतं, आरसी बुकात नोंद होते. हे सगळं उस्तादांनी एका दमात सांगून टाकलं आणि मग एका गाडीचा मागचा ड्रम उघडला, नाकाशी नेला आणि मलाही हुंगायला लावला.

जळक्या लायनरचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. थोडा रबरासारखा, थोडा केस जळाल्यासारखा, घशात उतरणारा. "हा वास घाटात आला तर समजायचं उशीर झाला," उस्ताद म्हणाले. वजन वाढलं, माणूस वाढला, ब्रेक मात्र कंपनीचे होते तेच. साइडव्हीलना ब्रेक नसतोच. उतारावर सगळा भार दोन ब्रेकशूंवर येतो, ते तापतात, लायनरवर चकाकी धरते आणि मग ब्रेक दाबला तरी धरत नाही. त्यात बिनगिअरच्या स्कूटरची आणखी एक खोड. वेग फार कमी केला की आतला क्लच सुटतो, इंजिन गाडीला धरून ठेवत नाही आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्यासारखी पळायला लागते. माणसाला वाटतं आपण हळू चाललोय म्हणजे सुरक्षित आहोत. उस्तादांचा नियम असा, की उतारावर गाडी अगदी मुंगीच्या पावलाने न्यायची नाही. क्लच धरलेला राहील इतपत वेग ठेवायचा, ब्रेक दाबून सोडायचा, दाबून सोडायचा, आणि चार वळणं झाली की थांबायचं. थांबून काय करायचं? "ड्रमला हात लावायचा नाही, एवढंच," ते म्हणाले. मग ताईंच्या वहीतल्या दुसऱ्या रकान्याचा अर्थ लागला. तिथे प्रत्येक उतारावर थांबायच्या जागा लिहिलेल्या होत्या. मी त्या देखाव्याच्या जागा समजत होतो.

यवतेश्वरचा घाट साताऱ्याच्या घरांना चिकटूनच सुरू होतो. मी ताईंच्या मागे बसलो. पहिल्याच वळणावर माझं शरीर आपोआप बाहेर फेकलं गेलं आणि ताई ओरडल्या, "वळणाच्या आत झुका! बोलत बसू नका!" दुचाकी वळणावर आपली आपण कलते आणि माणूस तिच्याबरोबर कलतो. ही गाडी कलत नाही. ती ताठ उभी राहून वळते. वजन बाहेरच्या बाजूला जातं, आतलं साइडव्हील हलकं होतं, आणि वेग जास्त असेल तर उचललंही जातं. म्हणून गाडी सरळ ठेवून माणसाने आत झुकायचं. मागे बसलेल्यानेही. वजन विचारलं होतं ते यासाठी. पोलिओवाल्यांना हे झुकणं जमतं, कारण त्यांच्या कमरेत आणि खांद्यात ताकद असते. मणक्याला मार लागलेल्यांना कमरेचा तोल नसतो, त्यांनी वळणावर वेगच कमी करायचा. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ साली पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. उस्तादांकडे आता तरुण गिऱ्हाइकं येतात ती बहुतेक अपघातातली, आणि त्यांच्यासाठी ते सीटला पाठ बसवून देतात. ताईंच्या गटात दोन्ही पिढ्या आहेत, त्यामुळे सगळ्यात हळू जाणाऱ्या गाडीचा वेग तो सगळ्यांचा वेग.

घाट चढल्यावर पठारावर एका ठिकाणी रस्ता उखडला होता. डांबराच्या मधोमध एक परातीएवढा खड्डा, त्याच्या दोन्ही बाजूंना रस्ता चांगला. दुचाकीवाला कडेने निघून जाईल. चारचाकीवाला खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेईल. पुढच्या गाडीने दोन्ही साइडव्हील चांगल्या रस्त्यावर ठेवली आणि ती जागच्या जागी थांबली. इंजिन ओरडत होतं, मधलं चाक खड्ड्यात लोंबकळत होतं आणि हवेत गरागरा फिरत होतं. गाडी ओढणारं चाक ते एकच. दोन्ही बाजूंची चाकं गाडीला नीट तोलून धरून बसली होती आणि म्हणूनच ती हलत नव्हती. मालक वर बसलेला, उतरायची सोय नाही. मागून येणाऱ्या जीपमधल्या दोघांनी उतरून धक्का दिला आणि जाताना एकाने "हिंमत आहे बुवा" म्हणून मोबाइलवर फोटो काढला. ताईंनी वहीत लिहिलं: 'इथे खड्डा साइडव्हीलखाली घेणे.' हिंमतीबद्दल काही लिहिलं नाही.

कासला फुलं जवळजवळ संपली होती. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेलं हे पठार सप्टेंबरात माणसांनी फुललेलं असतं. गाड्या लांब लावाव्या लागतात, पुढचं अंतर पायी नाहीतर बसने. मी विचारलं, मग फुलं गेल्यावर येऊन काय बघणार? "गवत," ताई म्हणाल्या. "सोनेरी झालेलं असतं. आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावली तर कुणी शिट्टी मारत नाही." त्यांच्या यादीतल्या जागा ठरतात त्या एकाच कसोटीवर. बसल्या जागेवरून दिसतं का? घाटातल्या एका वळणावर गाडी थांबवून त्यांनी मला कठड्याशी उभं केलं. खाली खोल दरी, पलीकडे धरणाचं पाणी. मग म्हणाल्या, आता माझ्या सीटवर बसा. बसलो. कठडा बरोबर दरीवर आला. वर फक्त समोरच्या डोंगराचा माथा. त्या जागेला वहीत फुली. पुढे जिथे कठडा संपून नुसते पांढरे रंगवलेले दगड लागतात, तिथे बरोबरची खूण.

हे पाहिल्यापासून पर्यटनस्थळांच्या विकासाच्या बातम्या मी जरा वेगळ्या नजरेने वाचतो. चांगला सपाट कातळ असतो. तिथे चौथरा येतो, चौथऱ्याला पाच पायऱ्या येतात, वर सेल्फीसाठी लोखंडी अक्षरं येतात. ताईंच्या यादीतून जागा कमी होते.

बामणोलीला कोयनेचा शिवसागर भरलेला होता. दिवाळीनंतर लगेच यायचं ते यासाठी. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरकतं आणि होडीपर्यंत मातीचा लांब उतार तयार होतो, त्यावरून खुर्ची ढकलणं म्हणजे कसरत. होडीवाल्याशी बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. त्याला फळीची रुंदी विचारली, त्याने दोन फळ्या जोडून देतो म्हणून सांगितलं. मुक्कामाच्या जागेवर मात्र अर्धा तास गेला.

लॉजचा मालक अदबीने बोलणारा. खोल्या तळमजल्यावर, दाराशी पायरी एकच, तिच्यावर फळी टाकता येईल. ताईंनी संडासाच्या दाराला टेप लावली. पावणेपंचवीस.

"माणूस जातंय की आत, ताई," तो म्हणाला.

"माणूस जातंय. खुर्ची नाही जात. सव्वीस लागतात."

"आता सव्वा इंचासाठी भिंत फोडू का?"

ताईंनी दार उघडून बघितलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. मग बिजागरीवर बोट ठेवलं. दार पूर्ण उघडलं तरी कवाडाची जाडी चौकटीतली जागा खाते, तिथे दीड इंच जातो. कवाडच काढलं तर? मालक चरकला. संडासाला दार नाही म्हणजे काय? "पडदा लावा," ताई म्हणाल्या. "दोन दिवस. बिजागरीचे स्क्रू काढायला किती वेळ लागतो? आमचे उस्ताद येणार आहेत बरोबर, तेच काढतील, तेच बसवतील." तो बराच वेळ चौकटीकडे बघत राहिला. शेवटी त्याने स्वतःच टेप मागून घेतली आणि कवाड सोडून चौकट मोजली. सव्वासव्वीस. आपल्याच घरातलं माप प्रथमच कळल्यासारखा तो हसला आणि इतर खोल्यांची दारंही मोजायला गेला.

परत येताना यवतेश्वरच्या उतारावर तो वास आला. आमच्या नाही, पुढच्या गाडीचा. ताईंनी लांब हॉर्न दिला, सगळी रांग कडेला लागली. कुणी काही बोललं नाही, कुणाला काही सांगावंही लागलं नाही. पाण्याच्या बाटल्या निघाल्या, पण ड्रमवर ओतायला नव्हे, प्यायला. तापलेल्या ड्रमवर पाणी टाकलं तर तडा जायची भीती. खाली सातारा, समोर अजिंक्यतारा, आणि त्या वासात बसून मंडळी सहलीच्या दुसऱ्या दिवसावरून भांडत होती.

दुसरा दिवस परळी खोऱ्याच्या अंगाने वर, ठोसेघर-चाळकेवाडीकडे. सज्जनगड वाटेत आहे, पण पायऱ्या आहेत. त्याला खालूनच नमस्कार करायचं आधीच ठरलंय. चाळकेवाडीच्या पठारावर ताईंचा जीव आहे. सपाट रस्ता, दोन्ही अंगांना पवनचक्क्या, कठडा नाही, पायरी नाही, सीटवरून चारी दिशा मोकळ्या. ठोसेघरच्या धबधब्याला मात्र गाडीतळापासून पायवाट आणि पायऱ्या. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक तरुण अडून बसला होता. दोन्ही पायांत कॅलिपर, दोन कुबड्या. पवनचक्क्या काय बघायच्या, पंखे ते, असं त्याचं म्हणणं. धबधबा बघायचा तर खाली जाऊनच.

ताईंनी वाद घातला नाही. वही उघडून 'ठोसेघर – एक माणूस – दीड तास' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "आम्ही वर कणसं खातो. दम लागला तर कुणी उचलायला येणार नाही, आत्ताच सांगते."

तो खूश झाला. मग जरा थांबून विचारलं, "तिथल्या हॉटेलाच्या संडासाचं दार मोजलंय का, ताई?"

"मोजलंय. बावीस. सकाळी निघायच्या आधी उरकून ये."