लसीच्या रांगेतलं पाचवं नाव

दिवाळीच्या आधी कागदपत्रांचं कपाट आवरायला काढलं की दरवर्षी एक निळी फाइल हाताशी येते आणि आवरणं तिथंच थांबतं. फाइलमध्ये लसीकरणाची प्रमाणपत्रं आहेत, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा एक दाखला आहे आणि वहीचं एक फाडलेलं पान आहे. पानावर माझ्या अक्षरात पाच नावं लिहिलेली आहेत. चार नावांपुढे बरोबरची खूण आहे. पाचव्यापुढे नाही.

ते पान १ मार्च २०२१ चं आहे. त्या दिवशी देशात साठ वर्षांवरच्यांसाठी कोविडची लस खुली झाली. शिवाय ४५ ते ५९ वयाच्या, पण आधीपासून मोठं आजारपण असलेल्यांसाठीही. डॉक्टर, नर्स मंडळींचं लसीकरण १६ जानेवारीपासून सुरूच होतं. आता आमच्या घरातल्यांची पाळी होती. नोंदणी ‘कोविन’ या सरकारी पोर्टलवर करायची. मोबाइल नंबर टाकायचा, त्यावर ओटीपी येणार, तो भरायचा, मग नाव, आधार किंवा दुसऱ्या ओळखपत्राचा क्रमांक, जन्मवर्ष, आणि शेवटी राज्य, जिल्हा, केंद्र, दिवस निवडायचा. सरकारी केंद्रात फुकट, खासगी दवाखान्यात जास्तीत जास्त २५० रुपये.

आमच्या घरात हे काम माझ्याकडे आलं, कारण यजमान नोकरीनिमित्त गोव्यात, शनिवारी येणार. सासरे ७८ वर्षांचे, सासूबाई ७२. माझी आई ७०, खानापूरहून मुद्दाम आणलेली. आणि आमच्या आक्का. आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. चंदगड तालुक्यात दिलेली, म्हणजे कागदावर महाराष्ट्र, पण औषधपाणी, कापडचोपड, सोनंनाणं सगळं बेळगावचं. वय ५४. तेव्हा साइट इंग्रजीतच होती. मराठी-कन्नडची सोय जून २०२१ मध्ये झाली, तोवर निम्मी लढाई संपली होती. माझी एम.ए. ची पदवी कधी नव्हे ती घरात कामाला आली, असं सासरे म्हणाले.

साठीवरच्या तिघांची नोंदणी झाली आणि ८ मार्चची वेळ मिळाली. अडलं ते आक्कांचं.

साठीच्या आतल्यांसाठी सरकारनं वीस आजारांची यादी काढली होती. मूत्रपिंडाचं डायलिसिस, अवयवाचं प्रत्यारोपण, कॅन्सरचे उपचार, हृदयाची शस्त्रक्रिया, असे आजार. नुसता मधुमेह असून चालत नव्हतं. तो दहा वर्षांपेक्षा जुना किंवा गुंतागुंतीचा हवा आणि सोबत रक्तदाबाची औषधंही चालू हवीत. आक्कांना दोन्ही होतं. बारा वर्षांची ‘शुगर’ आणि बीपीची गोळी. पण डॉक्टरांनी ठरावीक नमुन्यात तसं लिहून सही-शिक्का द्यायला हवा होता. आक्का आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “वहिनी, हे कागदावर कशाला? गावात अजून कुणाला ठाऊक नाही.” त्यांच्या मुलीचं लग्न जमायचं होतं. घरात साखरेचा आजार आहे असं कळलं की पाहुणे दहा प्रश्न विचारतात, हे त्यांचं म्हणणं. बारा वर्षं बाई सणासुदीला सगळ्यांसमोर पुरणपोळी खात होती आणि मागल्या दाराला जाऊन गोळी घेत होती! मी चिडले, पण खरं सांगायचं तर मला त्यांचं कळतही होतं. आपल्याकडे आजार बाईचा आणि बोल मात्र मुलीला.

शेवटी जुन्या चिठ्ठ्या सापडल्या. बिस्किटांच्या डब्यात, तळाला, घड्या घालून. २००९ ची पहिली चिठ्ठी हातात घेऊन डॉक्टरांनी दाखला लिहिला. १९ मार्चला आक्कांना पहिला डोस मिळाला. चारच दिवसांनी, २३ मार्चला, सरकारनं जाहीर केलं की १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस, दाखल्याची गरज नाही. आक्का फोनवर इतकंच म्हणाल्या, “बघा, उगाच माझा डबा उघडलात.”

आता पाचवं नाव.

आमच्या भिंतीला भिंत लागून गुरुजी राहतात. कन्नड प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. तेव्हा त्यांचं वय ७१, बायपास झालेली, पत्नी वारलेली, मुलगा बेंगळुरूला. ते माझ्याशी कन्नडमधून बोलतात, मी मराठीतून उत्तर देते, आणि वीस वर्षांत दोघांपैकी कुणालाही त्यात काही वेगळं वाटलेलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांचं नाव मी पानावर लिहिलं होतं. पण तेव्हा एका मोबाइल नंबरवर फक्त चार जणांची नोंदणी होत होती. चार माणसं माझ्या घरचीच झाली. गुरुजींकडे साधा बटणांचा फोन. त्यावर इंटरनेट नाही, म्हणजे त्यांची नोंदणी होणार नाही, असं मी मनाशी धरून चालले. कुंपणापाशी त्यांना म्हटलं, “गुरुजी, शनिवारी हे आले की यांच्या फोनवरून करू.”

ते हसून म्हणाले, “अवसर इल्ल बिडरी.”

कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई. घाई नाही, राहू द्या. हाच शब्द मराठीत संधी म्हणून वापरतात, हे मी वर्गात कितीदा सांगितलं आहे. एकच शब्द, दोन भाषांत दोन वाटा, असं उदाहरण म्हणून. त्या दिवशी मला ते आठवलं नाही.

शनिवारी हे आले. सासूबाईंना आणि आईला लसीनंतर ताप होता, आक्कांच्या दाखल्याची धावपळ होती, माझ्याकडे पेपर तपासायचे गठ्ठे होते. तो शनिवार गेला. पुढचाही गेला. साठीवरच्यांना नोंदणी न करता थेट केंद्रावर जाऊनही लस घेता येत होती, पण गुडघ्यामुळे रांगेत उभं राहणं गुरुजींना जमत नव्हतं आणि “मला कुणी घेऊन जाल का” असं म्हणणाऱ्यांतले ते नव्हेत. मी विचारायला हवं होतं. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गुरुजींना ताप आला, मग दम लागू लागला. ज्या दिवसांत खाट मिळणं हेच नशीब होतं, त्या दिवसांत त्यांना अकरा दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

मुलाचा बेंगळुरूहून रात्री फोन आला. कर्फ्यू लागलेला, त्याला निघता येत नव्हतं. सगळी चौकशी झाल्यावर तो म्हणाला, “मॅडम, अप्पांचं लसीचं रजिस्ट्रेशन तुम्ही केलं होतं ना? पहिला डोस तरी झालाय ना?”

मी म्हटलं, “उद्या सकाळी डॉक्टरांना भेटून तुला कळवते.” प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही.

इकडे आमच्या तिघांचा दुसरा डोस मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात झाला, तोही दोनदा ‘स्टॉक इल्लरी’ ऐकून परत आल्यावर. १ मेपासून १८ वर्षांवरच्यांना लस खुली झाली होती आणि केंद्रांवर लस मात्र पुरेशी नव्हती. अखेर १४ मेपासून कर्नाटकानं १८ ते ४४ वयाच्यांचं लसीकरण काही काळ थांबवलं आणि आधी वडीलधाऱ्यांचे दुसरे डोस पुरे करायचं ठरवलं. आक्कांच्या दुसऱ्या डोसला मी बसले, तोवर १३ मे उजाडला आणि कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. आधी ते चार ते सहा होतं, मार्चमध्ये सहा ते आठ झालं होतं. आता जूनपर्यंत थांबणं आलं. तोवर आक्का गावी परतलेल्या, सीमेवर तपासणी. पण पोर्टलला आपली सीमा ठाऊक नव्हती. पहिला डोस कर्नाटकात आणि दुसरा महाराष्ट्रात चालत होता. मी बेळगावात बसून राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र, जिल्ह्यात कोल्हापूर निवडलं आणि त्यांच्या जवळच्या आरोग्य केंद्राची वेळ घेतली. मे महिन्यापासून केंद्रावर चार आकडी गुप्त क्रमांक सांगावा लागे. तो मी त्यांना फोनवर सांगितला, त्यांनी तळहातावर लिहून घेतला. साठ वर्षं वादात असलेली ती रेघ आम्ही चार आकड्यांत ओलांडली.

हे करतानाच माझ्या लक्षात आलं. आक्कांच्या हातात कुठं इंटरनेटचा फोन होता? नोंदणी माझ्या फोनवरून, वेळ माझ्या फोनवरून. चार जणांची मर्यादा होती ती मोबाइल नंबरला, फोनच्या यंत्राला नव्हती. ओटीपी साध्या एसएमएसनं येतो. म्हणजे गुरुजींचा बटणांचा फोन मार्चमध्येही चालला असता. माझ्या मोबाइलवर त्यांचा नंबर टाकायचा, ओटीपी त्यांच्या फोनवर येणार, त्यांनी तो मोठ्यानं वाचायचा. झालं असतं. दहा मिनिटांचं काम. मधे फक्त एक भिंत होती.

गुरुजी मेच्या मध्यावर घरी आले. अंगातलं मांस उतरलेलं, पण आले. बरे झाल्यानंतर तीन महिने लस घ्यायची नाही, असा नियम तेव्हा आलेला होता, त्यामुळे ऑगस्टच्या अखेरीस मी त्यांच्या खिडकीशी गेले. मार्चचं सगळं त्यांना सांगितलं. पाचवं नाव, शनिवार, नंबर आणि यंत्र यांतला घोटाळा, मुलाला न दिलेलं उत्तर. त्यांनी ऐकून घेतलं. “होगली बिडरी” असंही म्हणाले नाहीत, आणि ते म्हणाले नाहीत याचं मला बरं वाटलं. आत जाऊन चष्मा आणि फोन घेऊन आले.

मी त्यांचा नंबर टाकला. त्यांचा फोन वाजला. ओटीपी इंग्रजी आकड्यांत, बारीक. ते एकेक आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागले, “ऐदु… सोन्नी… मूरु…” मी टाइप करत होते. तीन आकडे झाले आणि स्क्रीन अंधारली, ते बटण शोधू लागले. तीन मिनिटांतली दोन गेली होती. “गुरुजी, लवकर,” मी म्हटलं.

“अवसर माडब्याड्री,” ते म्हणाले आणि पुन्हा पहिल्या आकड्यापासून वाचायला लागले.